सांगकाम्या तोच बदल पुन्हा पुन्हा करतोय? आधी पानाचा इतिहास उघडा

"तुमच्या सांगकाम्याने केलेला बदल मी काल उलटवला होता. आज त्याने तो पुन्हा केला." विकिपीडियावर सांगकाम्या (बॉट, म्हणजे आपोआप बदल करणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्याच्या चर्चापानावर असा निरोप आला की बहुतेक चालक आधी लॉग, म्हणजे सांगकाम्याने स्वतः ठेवलेली कामाची नोंद, बघतात. लॉगमध्ये सगळं ठीक असतं: पान वाचलं, नियम लागला, जतन झालं. मग वाटतं, समोरच्याचाच काही गैरसमज झाला असेल. पण लॉग फक्त सांगकाम्याची बाजू सांगतो. पानाचं पुढे काय झालं ते इतिहासात असतं. म्हणून या तक्रारीची उकल इतिहासापासूनच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

त्याहीआधी सांगकाम्या थांबवा. कारण सापडलं की थांबवू, असं म्हणू नका. टूलफोर्जवर (सांगकामे चालवायला विकिमीडियाने दिलेल्या यंत्रांवर) चालत असेल तर वेळापत्रकातलं काम काढून टाका, स्वतःच्या संगणकावर असेल तर क्रॉनटॅबमधली (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीतली) ओळ बंद करा. चालक जागेवर नसेल तर कोणत्याही प्रचालकाने (ॲडमिनने) ते खातं रोखावं. त्यात चालकाने अपमान मानायचं कारण नाही. रोखताना आपोआप रोखण्याचा (खात्याबरोबर त्याचा आयपी पत्ताही रोखणारा) पर्याय मात्र बंद ठेवावा. टूलफोर्जवर अनेकांचे सांगकामे सामायिक यंत्रांवरून चालतात, त्यामुळे एकाच्या पायी दुसरेही अडकू शकतात.

एवढी घाई अशासाठी, की सांगकाम्याची खूण असलेले बदल 'अलीकडील बदल' या पानावर मुळात लपवलेले असतात. वाचक ते मुद्दाम दाखवायला लावतो तेव्हाच दिसतात. मराठी विकिपीडियावर गस्त घालणारी माणसं मोजकी आहेत. एका माणसाने तक्रार केली, याचा अर्थ तेवढ्याच पानावर बिघाड झाला असा होत नाही. त्या पानावर कुणाचं तरी लक्ष होतं, एवढाच होतो.

इतिहासात काय शोधायचं

इतिहासात साधारण तीन चित्रं दिसतात. पहिलं: सांगकाम्या, माणूस, सांगकाम्या, माणूस. म्हणजे नियम चुकीचा आहे आणि माणूस तो निस्तरतोय. दुसरं: सांगकाम्या, दुसरा सांगकाम्या, परत पहिला. म्हणजे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तिसरं चित्र सगळ्यांत गोंधळात टाकणारं: लॉगमध्ये रोज रात्री 'जतन केलं' अशी नोंद आहे आणि इतिहासात काहीच नाही.

पहिली दोन चित्रं डोळ्यांनी दिसत नसतील, मध्ये इतर लोकांचे बदल आले असतील, तर एपीआयकडून (प्रोग्रॅमने विकीशी बोलायच्या सोयीकडून) पानाच्या आवृत्त्यांची यादी मागवा आणि सोबत प्रत्येक आवृत्तीचा शा-१ मागा. शा-१ हा मजकुराचा ठसा असतो. मजकूर अक्षरशः सारखा असेल तरच ठसा सारखा येतो. एकाच पानावर तोच ठसा एकाआड एक येत असेल तर फेरा आहे हे निर्विवाद. 'मला वाटतं', 'तुम्हाला वाटतं' हा वाद तिथेच संपतो.

मूळ दुखणं: शब्द कुठे संपतो

पहिल्या चित्रामागे मराठीत बहुतांशी एकच कारण असतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

समजा नियम लिहिला: 'आणी' दिसलं की 'आणि' करा. नुसता एवढाच नियम दिला तर 'आणीबाणी'चंही 'आणिबाणी' होईल, हे कुणालाही कळतं. म्हणून आपण दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावतो, म्हणजे रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधायच्या लिपीतला) बॅकस्लॅश-बी. इंग्रजीत याने काम होतं. मराठीत पायथन या संगणकभाषेच्या अंगभूत रेगेक्सने हा नियम चालवला तर काय होतं? 'राम आणी श्याम' मधला 'आणी' तसाच राहतो आणि 'आणीबाणी'चं 'आणिबाणी' होतं. जे सुधारायचं ते सुटलं, जे टाळायचं तेच बिघडलं.

हे का होतं ते सुटं करून बघू. युनिकोडमध्ये 'आ' आणि 'ण' ही अक्षरं आहेत, पण दीर्घ वेलांटी हे अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. पायथनचं अंगभूत रेगेक्स शब्दात धरतं ती फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेषा. त्याच्या लेखी 'आण' इथेच शब्द संपला, वेलांटी शब्दाबाहेरची. आता बॅकस्लॅश-बी म्हणजे अशी जागा, जिच्या एका बाजूला शब्दातला वर्ण आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. 'आणी' पुढे मोकळी जागा असेल तर वेलांटीही शब्दाबाहेर, मोकळी जागाही शब्दाबाहेर. सीमाच नाही, म्हणून नियम लागत नाही. 'आणीबाणी'त वेलांटीपुढे 'ब' येतो. वेलांटी बाहेरची, 'ब' आतला. सीमा सापडली, नियम लागला.

आता १९७५ सालच्या आणीबाणीवरचा लेख डोळ्यांसमोर आणा. मथळ्यापासून शेवटपर्यंत जिथे जिथे हा शब्द आहे तिथे तो बिघडणार. दुवेही बिघडणार, कारण चौकोनी कंसातला मजकूरही नियमाला मोकळाच आहे. निळे दुवे लाल होणार, म्हणजे त्या नावाचं पानच सापडणार नाही. कुणीतरी बिचारा ते उलटवणार. दुसऱ्या रात्री सांगकाम्या परत येणार, कारण त्याच्या लेखी पानावर अजूनही 'आणी' आहे.

'कि'चं 'की' करणारा नियम तर याहून महाग पडतो. 'तो म्हणाला कि' मधला 'कि' जागचा हलत नाही. 'किल्ला'चा 'कील्ला', 'किती'चा 'कीती', 'किनारा'चा 'कीनारा' होतो. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत गडकोटांवरच्या लेखांत 'किल्ला' हा शब्द किती वेळा येतो याची कल्पना करा. 'किंवा' मात्र पायथनमध्ये वाचतो, कारण तिथे वेलांटीनंतर लगेच अनुस्वार आहे आणि तोही शब्दाबाहेरच मानला जातो.

ऑटोविकिब्राउझर (विंडोजवरचं संपादनाचं साधन) वापरणाऱ्यांनी इथे सुटकेचा निःश्वास टाकू नये. तो मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रणालीवर चालतो. तिथे उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त शब्दात धरले जातात, पण काना, दोन्ही वेलांट्या, ओकार आणि विसर्ग बाहेरच राहतात. त्यामुळे पायथनमध्ये वाचलेला 'किंवा' तिथे 'कींवा' होतो. उकारान्त शब्दावर चाचणी घेतली तर सगळं सुरळीत वाटतं आणि वेलांटीच्या शब्दावर नियम कोसळतो. एखाद्या शब्दावर नियम चालला म्हणून तो मराठीवर चालतो, असं धरून चालू नका.

उपाय दोन आहेत. पायथनमध्ये अंगभूत रेगेक्सऐवजी 'रेगेक्स' नावाचंच वेगळं मॉड्यूल घ्या. ते जोडचिन्हांना शब्दात धरतं. किंवा बॅकस्लॅश-बी साफ सोडून द्या आणि सीमा स्वतः लिहा: आधी देवनागरी वर्ण नसावा, नंतरही नसावा, अशा नकारात्मक मागे-पहा आणि पुढे-पहा अटी. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण नियम वाचणाऱ्याला तो डोळ्यांसमोर दिसतो आणि साधन बदललं तरी तसाच चालतो.

देवनागरीचा पट्टा युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ आहे. तो सरसकट घेऊ नका. त्यात ०९६४ आणि ०९६५ हे दंड आणि दुहेरी दंड आहेत. ते शब्दाचा भाग नाहीत, पण सरसकट पट्ट्यात धरले गेले तर दंडाला चिकटलेला शब्द नियमातून सुटतो. म्हणून ०९०० ते ०९६३ आणि ०९६६ ते ०९७एफ असे दोन तुकडे घ्या. त्यात झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही दोन न दिसणारी चिन्हं घाला.

दंडावरून आठवलं. अभंग, ओव्या, बखरीतले उतारे, जुन्या ग्रंथांची नावं यांत शुद्धलेखनाचा नियम अजिबात चालू देऊ नका. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ आले. त्याआधीच्या ग्रंथनामांतले अनुस्वार ही चूक नाही, ते त्या ग्रंथाचं नाव आहे. पायविकिबॉट या पायथनमधल्या सांगकाम्या-संचाच्या नियमात अपवादांची सोय आहे: दुवे, साचे (अनेक पानांत वापरले जाणारे तयार तुकडे), टिप्पण्या, नोविकी, गणिती मजकूर यांच्या आत नियम लागू नये असं सांगता येतं. अवतरणाच्या आणि कवितेच्या खुणांतला मजकूर वगळण्याचा अपवाद रेगेक्सने वेगळा लिहा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आपोआप चालणारा शुद्धलेखनाचा नियम अव्ययांपुरता ठेवा. 'आणि', 'परंतु', 'म्हणून' यांना विभक्ती लागत नाही, त्यांची सीमा ठरवता येते. नामाचं तसं नाही. घर, घरी, घरात, घराचा, घरांमधल्यांनाही. नुसतं 'घर' शोधलं तर बाकीची रूपं सुटतात आणि सीमा ढिली केली तर 'घराणं'ही सापडतं. नामांच्या दुरुस्त्या माणसाने बघून कराव्यात, सांगकाम्याने फार तर यादी काढून द्यावी.

लॉगमध्ये आहे, इतिहासात नाही

हे तिसरं चित्र बहुधा नुक्त्याचं (अक्षराखालच्या टिंबाचं) असतं. हिंदी-उर्दू नावांत ज़, फ़, ड़ अशी अक्षरं येतात. युनिकोडमध्ये ती दोन प्रकारे लिहिता येतात: ०९५८ ते ०९५एफ या पट्ट्यातलं एकसंध अक्षर, किंवा मूळ अक्षर आणि वेगळा नुक्ता. दिसायला दोन्ही सारखीच. मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) येणारा सगळा मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणतं, आणि या आठ अक्षरांचं एनएफसी रूप म्हणजे सुटं अक्षर आणि सुटा नुक्ता. सांगकाम्याने कितीही वेळा एकसंध 'ज़' लिहिला तरी जतन होताना तो सुटा होतो. म्हणजे मजकूर आधी होता तसाच. नवी आवृत्ती तयार होत नाही, एपीआयच्या उत्तरात 'नोचेंज' (बदल नाही) येतं, आणि सांगकाम्या मात्र दुसऱ्या रात्री तेच पान तितक्याच निष्ठेने पुन्हा उघडतो.

उपाय सोपा आहे. नियमातले शब्द आणि तयार झालेला मजकूर, दोन्ही पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसीत आणा आणि मगच जुन्या मजकुराशी तुलना करा. पानाच्या शेवटी रिकामी ओळ घालणाऱ्या नियमांचंही असंच होतं: जतन होताना मीडियाविकी शेवटची मोकळी जागा कापून टाकतं.

दोन सांगकाम्यांचं भांडण

२०१३ पूर्वी हे भांडण सर्रास दिसायचं. तेव्हा आंतरविकी दुवे (त्याच विषयावरच्या इतर भाषांतल्या लेखांचे) प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलेले असत आणि ते जुळवायला वेगवेगळ्या भाषांतले सांगकामे फिरत. एका भाषेत दोन लेख आणि दुसरीत एकच असला की दोघांची गणितं वेगळी यायची आणि दुवे लागायचे, निघायचे, परत लागायचे. मार्च २०१३ मध्ये विकिडेटाची (हे दुवे एकाच ठिकाणी ठेवण्याची) सोय सगळ्या विकिपीडियांना मिळाली आणि हे काम मुळातच संपलं.

आता मराठीत भांडण होतं ते बहुधा न दिसणाऱ्या चिन्हांवरून. 'दुसऱ्या' मधला आडवा र दोन प्रकारे साठवला जातो. एक, ०९३१ हे ऱ अक्षर आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर. जुन्या कळफलकांवरून आलेल्या मजकुरात हा सापडतो: दुसर्‍या. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. शीर्षक एका रूपात आणि दुवा दुसऱ्या रूपात असला की दुवा लाल दिसतो.

यात भर पडते ती इंग्रजी विकिपीडियासाठी लिहिलेल्या साफसफाईच्या नियमांची. न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाका, असा नियम तिथे चालून जातो. तो जसाच्या तसा इथे लावला तर 'दुसर्‍या' मधला जॉइनर जातो आणि 'दुसर्या' उरतं, 'य'वर रफार चढलेलं. 'उद्‌घाटन' किंवा 'वाङ्‌मय' मध्ये पाय मोडलेला दिसावा म्हणून घातलेला नॉन-जॉइनरही तसाच जातो. एक सांगकाम्या चिन्ह काढतो, दुसरा किंवा एखादा संपादक ते घालतो, आणि फेरा सुरू होतो.

हे भांडण कोडमध्ये मिटत नाही. दोन्ही चालकांनी आपापले सांगकामे थांबवून चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) बोलायला हवं. ऱ हे ०९३१ रूप प्रमाण धरावं, जॉइनरचं रूप त्यात बदलावं, आणि हे काम एकाच सांगकाम्याकडे असावं. नेपाळी मजकूर मात्र सोडून द्यावा. 'गर्‍यो' सारखे शब्द नेपाळीत जॉइनरनेच लिहितात. शीर्षकं बदलली तर जुन्या रूपाचं पुनर्निर्देशन (नव्या पानाकडे वळवणारं पान) ठेवा.

दुहेरी पुनर्निर्देशनं (एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे नेणारी) दुरुस्त करणाऱ्या सांगकाम्यांबद्दलही एवढंच: पान इकडून तिकडे आणि तिकडून इकडे हलवलं जात असेल तर सांगकाम्या प्रत्येक वेळी मागे धावतो. तिथे दोष सांगकाम्याचा नाही. आधी शीर्षकाचा वाद मिटू द्या.

नियम दुरुस्त केला, तरी तेच

हेही वारंवार होतं, आणि कारण अगदी साधं असतं: सांगकाम्याच्या दोन प्रती चालू आहेत. नियम लॅपटॉपवर सुधारला, टूलफोर्जवर जुनाच राहिला. मार्च २०२४ मध्ये टूलफोर्जची जुनी ग्रिड इंजिन यंत्रणा बंद झाली. कामं नव्या जॉब्स पद्धतीवर हलवताना ज्यांनी मधल्या काळात घरून सांगकाम्या चालवला, त्यांनी घरची ओळ अजून चालू आहे का हे बघावं.

कोणती प्रत चालतेय हे वेळेवरून ओळखता येतं. टूलफोर्जचं वेळापत्रक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं. तिथे रात्री २ ची वेळ दिली असेल तर बदल भारतात सकाळी साडेसातला पडतात. घरच्या संगणकावरची २ ची वेळ म्हणजे खरोखर रात्रीचे २. इतिहासातल्या वेळा तुमच्या पसंतीक्रमातल्या वेळेप्रमाणे दिसतात, एपीआयमधल्या यूटीसीत, तेवढं ध्यानात ठेवा.

दोन प्रती नसतील आणि तरी सांगकाम्या त्याच पानांवर घुटमळत असेल, तर पानं कुठून येतात ते बघा. देखभालीच्या वर्गातली पानं घेत असाल तर तो वर्ग पुष्कळदा साच्यातून लागलेला असतो. पानाच्या मजकुरात तो शोधून सापडणार नाही. साचा सुधारावा लागेल. साचा सुधारल्यावरही वर्ग लगेच रिकामा होत नाही, कारण पानं रांगेने ताजी होतात. तोवर थांबा.

झालेलं नुकसान

नियम सुधारला की काम संपलं असं समजू नका. बिघडलेली पानं शोधणं हेही चालकाचंच काम आहे. शोधपेटीत 'इनसोर्स' (पानाच्या मूळ मजकुरात शोधण्याची सोय) वापरून रेगेक्सने 'कील्ल', 'कीती', 'आणिबाणी' असे कधीच बरोबर नसलेले तुकडे शोधा. सरसकट द्रुतमाघार (एका टिचकीत बदल उलटवणं) घेऊ नका. सांगकाम्यानंतर कुणी संपादन केलं असेल तिथे ती चालतच नाही, आणि जिथे चालते तिथे सांगकाम्याचे सलग असलेले बरोबर बदलही जातात. फक्त बिघडलेला शब्द दुरुस्त करा, आणि बदलाच्या सारांशात काय आणि का ते लिहा. ज्याने तक्रार केली त्याच्या चर्चापानावर जाऊन आभार माना. त्याने स्वतःच्या वेळातून तुमचं काम केलं आहे.

पुन्हा सुरू करण्याआधी धूळपाटीवर (सरावाच्या जागेवर) एक पान करा: आणी, आणीबाणी, कि, किल्ला, किती, किंवा, दुसऱ्या, दुसर्‍या, उद्‌घाटन, एक अभंग, एक दंडाने संपणारी ओळ, एक चित्राचा दुवा. त्यावर नियम चालवा आणि फरक डोळ्यांनी वाचा. मग निघालेल्या मजकुरावर तोच नियम पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीत एक जरी वर्ण बदलला तर नियम तयार नाही. खऱ्या पानांवर आधी सिम्युलेटचा पर्याय लावा. पायविकिबॉट त्यात सगळं करतो, फक्त जतन करत नाही.

आणि सुरुवातीचे बदल सांगकाम्याची खूण न लावता करा. एपीआयला 'बॉट' हा पर्याय पाठवलाच नाही तर ते 'अलीकडील बदल' मध्ये इतरांच्या बदलांसारखेच दिसतात. एक-दोन दिवस ते तसेच राहू द्या, दोन बदलांत भरपूर अंतर ठेवा, आणि चावडीवर सांगून ठेवा की नियम नवा आहे, बघत राहा.